समारंभ संपल्यानंतरची वास्तू

प्रति,
मा. संपादक,
यांस सविनय नमस्कार.

विषय : नाशिकमधील सांस्कृतिक वास्तूंचे नियोजन आणि देखभाल

महोदय,

शहराला नवे नाट्यगृह हवे, मोठे परिषद केंद्र हवे, अशा मागण्यांना आपल्या वृत्तपत्राने वेळोवेळी जागा दिली आहे. सिंहस्थ जवळ आला की या मागण्यांना विशेष जोर चढतो, कारण निधी येणार असतो आणि निधी आला की काही ना काही उभे राहणार असते. या मागण्यांना माझा विरोध नाही. बँकेतली नोकरी सांभाळून आयुष्याचा बराच काळ मी हौशी रंगभूमीवर, तोही पडद्यामागे प्रकाशयोजनेची बाजू सांभाळण्यात घालवला आहे, त्यामुळे चांगल्या सभागृहाची निकड मला कोणी समजावून सांगायला नको. परंतु गेल्या वर्षी मुलीकडे राहायला गेलो असता बल्गेरियाची राजधानी सोफिया येथील राष्ट्रीय संस्कृती प्रासाद सवडीने पाहता आला. तेव्हापासून, उद्घाटनाची फीत कापून झाल्यावर अशा वास्तूचे पुढे काय होते, हा प्रश्न मनात घर करून आहे. त्यासंबंधी चार शब्द लिहावेत म्हणून हे पत्र.

सोफियाचे उदाहरण घेण्याचे एक साधे कारण असे की ते शहर आकाराने आपल्यापेक्षा मोठे नाही. तिथली लोकसंख्या 12-13 लाखांच्या घरात आहे. 2011 च्या जनगणनेनुसार नाशिक महानगरपालिका क्षेत्राचीच लोकसंख्या 14 लाख 86 हजारांच्या आसपास होती. ते राजधानीचे शहर आहे आणि आपण जिल्ह्याचे ठिकाण आहोत हा फरक मोठा आहे, तो मी विसरलेलो नाही. एका देशाच्या तिजोरीतून उभी राहिलेली वास्तू महापालिकेने जशीच्या तशी उभारावी, असे सुचवण्याचा वेडेपणा मी करणार नाही.

बल्गेरियाच्या राज्याची स्थापना इ. स. 681 मधली मानतात. त्याला 1300 वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने 1981 साली हा प्रासाद उभा राहिला. वास्तुविशारद होते अलेक्झांडर बारोव्ह. कल्पनेमागे मुख्य प्रेरणा होती ती तत्कालीन साम्यवादी सत्ताधीश तोदोर झिव्कोव्ह यांची कन्या ल्युदमिला झिव्कोवा यांची, ज्यांच्याकडे देशाच्या सांस्कृतिक खात्याचा कारभार होता. या बाईंविषयी मराठी वाचकाला थोडे कुतूहल वाटावे असा एक तपशील आहे. कट्टर साम्यवादी राजवटीच्या केंद्रस्थानी असूनही त्यांना योगाची आणि भारतीय तत्त्वज्ञानाची ओढ होती, आणि कुलूच्या खोऱ्यात येऊन राहिलेल्या निकोलाय रोरिक या रशियन चित्रकाराच्या त्या निस्सीम चाहत्या होत्या. वास्तू खुली झाली आणि त्यानंतर काही महिन्यांतच, जुलै 1981 मध्ये, वयाची 39 वर्षे पूर्ण होण्याच्या आत त्यांचे निधन झाले. पुढे वास्तूला त्यांचे नाव दिले गेले, आणि राजवट कोसळल्यावर ते काढूनही टाकले गेले. आज सारे सोफिया तिला एनडीके (मूळ बल्गेरियन नावाची आद्याक्षरे) म्हणूनच ओळखते.

जमिनीवर आठ मजले, जमिनीखाली आणखी तीन, एकूण क्षेत्रफळ सुमारे 1 लाख 23 हजार चौरस मीटर. लांबट अष्टकोनी आराखडा, फिक्या रंगाच्या दगडाचे आवरण, तिरप्या बसवलेल्या काचांच्या उंच भिंती आणि मागे विटोशा पर्वत. आयफेल टॉवरपेक्षाही अधिक पोलाद या इमारतीत वापरले आहे, हे तिथला प्रत्येक जण पाहुण्याला ऐकवतो. मुख्य सभागृहात तीन हजारांहून अधिक माणसे बसतात. त्याखेरीज लहानमोठी डझनभर सभागृहे आहेत. खरे सांगायचे तर बाहेरून पहिल्यांदा पाहताना ही इमारत मला आवडली नाही. ती प्रचंड आहे, थोडीशी दरडावणारीही आहे. आत गेल्यावर मात्र मत बदलते. प्रवेशदालनात धातूचा भलामोठा सूर्य आहे, आणि मजल्यामजल्यांवर त्या काळातल्या बल्गेरियन कलावंतांनी केलेली भित्तिचित्रे, विणलेले पट, लाकूड आणि धातू यांतली कामे आहेत. ही कामे नंतर विकत आणून टांगलेली नाहीत. भिंती बांधल्या जात असतानाच कलावंतांना बरोबर घेतले गेले होते, आणि ते दिसते. शिवाजी तुपे यांच्यासारखे जलरंगचित्रकार ज्या शहरात होऊन गेले, त्या शहरातल्या किती सार्वजनिक इमारतींच्या बांधकाम खर्चात चित्रकाराच्या मानधनाची एक ओळ असते, हे एकदा पाहायला हवे.

आता मुख्य मुद्दा. याच प्रासादासमोरच्या बागेत, त्याच 1981 सालात, त्याच 1300 वर्षांच्या निमित्ताने आणखी एक बांधकाम झाले होते. व्हॅलेंटिन स्टार्चेव्ह या शिल्पकाराचे ते उंच, कोनाकोनांचे स्मारक. समारंभाची तारीख गाठण्यासाठी ते घाईने उभारले गेले आणि काही वर्षांतच त्याच्या आवरणाच्या पाट्या निखळू लागल्या. खालून जाणाऱ्यांच्या डोक्यावर काही पडू नये म्हणून भोवती कुंपण घातले गेले, आतला सांगाडा उघडा पडला, आणि दुरुस्ती करावी की पाडून टाकावे यावर वर्षानुवर्षे नुसता वाद चालला. अखेर 2017 मध्ये, शिल्पकाराचा विरोध असतानाही, ते उतरवण्यात आले. मी गेलो तेव्हा ते अर्थातच नव्हते; मुलीच्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी ते कुठे होते ती जागा हात करून दाखवली आणि त्यावर अधिक काही बोलण्याची त्यांची इच्छा दिसली नाही.

दोन्ही बांधकामे एकाच राजवटीची, एकाच निमित्ताची, एकाच वर्षाची. एक 36 वर्षांनी पाडावे लागले, दुसरे आज चाळिशी ओलांडूनही गजबजलेले आहे. केवळ घाईने या फरकाचा उलगडा होत नाही, कारण प्रासादाचे कामही 1978 ला सुरू होऊन तीन वर्षांच्या आत पूर्ण झाले होते. राजकारणानेही होत नाही, कारण जुन्या राजवटीची छाप दोघांवरही होती. फरक पडला तो रोजच्या वापराने. स्मारकाला प्रेक्षक होते, पण त्याच्यावाचून कोणाचे अडत नव्हते. त्याची एखादी पाटी पडली म्हणून कोणाचा कार्यक्रम रद्द झाला नाही आणि कोणाचे भाडे बुडाले नाही. प्रासादातला एक पंखा बंद पडला तर त्याच संध्याकाळी तक्रार करणारे हजार लोक आत बसलेले असतात.

हे लोक कोण असतात, हेही पाहण्यासारखे आहे. 1985 मध्ये युनेस्कोची 23 वी सर्वसाधारण परिषद सोफियात याच वास्तूत झाली. 2018 च्या पहिल्या सहामाहीत युरोपीय संघाच्या परिषदेचे अध्यक्षपद बल्गेरियाकडे आले, तेव्हाच्या बैठकाही इथेच झाल्या आणि त्यासाठी वास्तूची मोठी डागडुजी केली गेली. तिच्या खर्चावरून तिथेही भरपूर वादंग माजले, म्हणजे त्या बाबतीत आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. परंतु अशा परिषदा काही रोज होत नाहीत. मार्चमध्ये इथे सोफिया चित्रपट महोत्सव असतो, डिसेंबरात आंतरराष्ट्रीय ग्रंथमेळा मजल्यामजल्यांवर पसरतो, आणि एरवी मैफली, बॅले, प्रदर्शने, डॉक्टरांची संमेलने, शाळांचे कार्यक्रम अखंड चालू असतात. मी एका मैफलीला गेलो त्या संध्याकाळी एका सभागृहातून गळ्यात ओळखपत्रे अडकवलेले वैद्यक क्षेत्रातले लोक बाहेर पडत होते आणि दुसऱ्या सभागृहाच्या दारात नाचाच्या पोशाखातल्या लहान मुली आणि त्यांच्या आया यांची झुंबड होती. थंडीचे दिवस असल्याने या सगळ्यांचे कोट सांभाळणारा एकच लांबलचक कक्ष. टोकन घ्यायचे, कोट द्यायचा, पुढे सरकायचे. इतक्या गर्दीतही कुठे आरडाओरडा झाला नाही.

सभागृहात शिरल्यावर माणसे रंगमंचाकडे पाहतात, माझी नजर सवयीने आधी छताकडे जाते. तिथली दिव्यांची व्यवस्था पाहून हेवा वाटला हे खरे, पण त्याहून माझ्या लक्षात राहिला तो मध्यंतरात दिसलेला एक कामगार. जिन्याच्या वळणावर कठड्याची पितळी पट्टी सैल झाली असावी. ती पूर्ण सोडवून तो खाली बसला होता, आणि निघालेले स्क्रू हरवू नयेत म्हणून जुन्या वर्तमानपत्राच्या कागदावर त्याने ते ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने ओळीने मांडून ठेवले होते. एका स्क्रूचे आटे गेलेले होते. त्याच्या जागी दुसरा बसतो का, हे तो खिशातल्या डबीतून एकेक काढून पाहत होता. पट्टी मूळचीच असावी, कारण हाताचा स्पर्श होणारा तिचा वरचा भाग गुळगुळीत होऊन फिकट झाला होता. नवी स्टीलची पट्टी मारून काम उरकणे कितीतरी सोपे होते. कार्यक्रम चालू असताना, प्रेक्षकांच्या देखत, इतक्या बारीक दुरुस्तीसाठी माणूस हजर असतो, याचा अर्थ त्याच्या पगाराची तरतूद कोणीतरी, कधीतरी, कायमची करून ठेवलेली आहे.

आपल्या शहरातल्या एका सभागृहात आमच्या संस्थेचा प्रयोग होता, तेव्हा डिमरचे, म्हणजे दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचे, निम्मे चॅनल बंद असल्याचे आम्हाला दुपारी सेट लावताना कळले. विचारणा केली तेव्हा "साहेब, अर्ज वर पाठवलाय, मंजुरी आली की होईल," असे उत्तर मिळाले. उत्तर देणारा मनुष्य सालस होता, त्याचा दोष काहीच नव्हता. आम्ही भाड्याने डिमर आणि स्पॉट मागवले, टेम्पोचे भाडे वेगळे भरले, आणि तिसरी घंटा कशीबशी वेळेवर दिली. हौशी संस्थांच्या लोकांना या कथेत काही नवल वाटणार नाही. बिघाड झाला याचे दुःख नाही. यंत्र म्हटले की बिघाड होणारच. दुःख याचे की एक सुटा भाग बदलायलाही जिथे वरची मंजुरी लागते, तिथे कितीही अद्ययावत यंत्रणा बसवली तरी तिचे आयुष्य पहिल्या बिघाडापर्यंतचेच असते.

महाकवी कालिदास कलामंदिराचे स्मार्ट सिटी योजनेतून नूतनीकरण झाले, त्याचे आम्ही रंगकर्मींनी मनापासून स्वागत केले होते. पण नूतनीकरण हा शब्द आपल्याकडे फार लाडका झाला आहे. वास्तू दहा-वीस वर्षे झिजू द्यायची आणि मग एकदम मोठी रक्कम मंजूर करून तिचे रुपडे पालटायचे, ही आपली रूढ पद्धत. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या दादासाहेब फाळके स्मारकाच्या दुरवस्थेविषयी आणि त्याच्या पुनर्विकासाच्या घोषणांविषयी वृत्तपत्रांत इतक्या वेळा छापून आले आहे की मी त्यात भर घालत नाही. भारतीय चित्रपटाचा पाया घालणारा माणूस त्र्यंबकेश्वरात जन्मला, नाशिकमध्ये स्टुडिओ थाटून त्याने चित्रपट काढले आणि 1944 मध्ये याच शहरात त्याने देह ठेवला. त्याच्या स्मारकात वर्षभर काही ना काही घडत राहिले असते, चित्रपट दाखवले गेले असते, शिबिरे भरली असती, तर कारंजे बंद पडल्याची बातमी होण्याआधीच ते दुरुस्त झाले असते, असे मला वाटते. जे स्मारक केवळ सुटीच्या दिवशी फिरायला जाण्याचे ठिकाण असते, त्याची अवस्था सोफियातल्या त्या कोनाकोनांच्या स्मारकासारखी होण्याची भीती कायम असते.

डिसेंबर 2021 मध्ये 94 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशिकला झाले. डॉ. जयंत नारळीकर अध्यक्ष होते, आडगावच्या शैक्षणिक संकुलात कुसुमाग्रजनगरी उभारली होती, आणि संयोजकांनी अपार कष्ट घेतले होते. चार दिवसांत सारे उतरले. याचा अर्थ संमेलनासाठी कायमची इमारत बांधावी असा मुळीच नाही. तीन दिवसांच्या गर्दीच्या मापाने बांधलेली वास्तू उरलेले वर्षभर रिकामी पडते. आणि नाशिकला छप्पर नसले तरी चालते, हे गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणावर भरणाऱ्या वसंत व्याख्यानमालेने पिढ्यान्‌पिढ्या दाखवून दिले आहे. आपल्याला उणीव आहे ती मधल्या आकाराच्या जागांची. दीडशे-दोनशे प्रेक्षकांच्या प्रायोगिक नाटकाला, एखाद्या शास्त्रीय मैफलीला, डॉक्टरांच्या किंवा द्राक्ष बागायतदारांच्या दोन दिवसांच्या परिषदेला, ग्रंथप्रदर्शनाला परवडेल अशा भाड्यात आणि शहरात सहज पोहोचता येईल अशा ठिकाणी जागा मिळत नाही. एनडीकेचे बळ त्याच्या तीन हजार आसनांच्या दालनात नाही, भोवतीच्या लहान सभागृहांत आहे, असे मला तिथे दोन-तीनदा जाऊन वाटले.

पोहोचण्याचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. प्रासाद शहराच्या ऐन मध्यात, पायी फिरणाऱ्यांसाठी राखलेल्या विटोशा रस्त्याच्या टोकाशी आहे. 2012 पासून मेट्रोही तिथे येते, स्थानकाचे नावच एनडीके आहे. समोरच्या प्रशस्त मोकळ्या जागेत तिकीट नसलेल्या माणसालाही बसता येते. पोरे स्केटबोर्ड खेळतात, आजोबा बाकांवर वाद घालतात, आणि त्याच बागेत साम्यवादी राजवटीच्या बळींची नावे कोरलेली भिंत आणि बर्लिनच्या भिंतीचा एक तुकडाही आहे. ज्या राजवटीने हा प्रासाद बांधला, तिच्याविरुद्धची साक्षही तिथेच ठेवलेली आहे, हे मला फार समंजसपणाचे वाटले. आपल्याकडे अशी वास्तू महामार्गालगत, जमीन स्वस्त मिळते म्हणून, शहराबाहेर ढकलण्याचा मोह होईल. तसे झाल्यास तिथे मोटारी जातील, माणसे जाणार नाहीत. रात्री साडेबाराला नाटक सुटल्यावर सिडको किंवा पंचवटीत राहणारी, स्वतःचे वाहन नसलेली व्यक्ती घरी कशी जाईल, हा विचार जागा निवडतानाच झाला पाहिजे, आणि सिटीलिंक या शहर बससेवेच्या वेळापत्रकाचा संबंध नाट्यगृहाच्या नियोजनाशी जोडला गेला पाहिजे.

पैशाच्या बाजूविषयी बँकेत काम केलेला माणूस म्हणून थोडे लिहितो. सोफियातली वास्तू आज राज्याच्या मालकीची कंपनी चालवते. परिषदा आणि प्रदर्शने यांच्या भाड्यातून उत्पन्न येते. राजवट बदलल्यानंतरच्या तंगीच्या काळात तिथल्या जागा दुकानांनाही भाड्याने दिल्या गेल्या, त्याने वास्तूची थोडी शोभा गेली असे काही जण म्हणतात, आणि त्यात तथ्य असेलही. पण ती बंद पडली नाही. आपल्याकडे साध्या हाउसिंग सोसायटीतसुद्धा दरमहा सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी, बाजूला काढावा लागतो, लिफ्ट पंधरा वर्षांनी बदलावी लागेल हे सभासदांना ठाऊक असते. कोट्यवधींच्या सार्वजनिक इमारतीला मात्र असा निधी नसतो; तिचे भाडे सर्वसाधारण तिजोरीत जाते आणि दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच तिजोरीपुढे हात पसरावा लागतो. औषध कंपन्यांच्या बैठका आणि व्यापारी प्रदर्शने यांच्याकडून बाजारभावाने भाडे घ्यावे, आणि त्यातला ठरावीक वाटा हौशी नाटके, बालनाट्ये, एकांकिका स्पर्धा यांच्या सवलतीसाठी राखावा. त्याचबरोबर शनिवार-रविवारच्या किती तारखा नाटकांना राखीव हेही लेखी ठरवावे. नाहीतर सगळ्या चांगल्या तारखा लग्नसमारंभ आणि राजकीय मेळावे घेऊन जातील, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून महापालिका प्रशासन आणि लोकप्रतिनिधी यांना आपल्या माध्यमातून माझी विनंती अशी की, सिंहस्थाच्या किंवा अन्य कोणत्याही निधीतून अशी वास्तू उभारायचे ठरले, तर बांधकामाच्या निविदेसोबतच तिचा पहिल्या दहा वर्षांचा देखभाल खर्च, त्याची तरतूद आणि कायमस्वरूपी तांत्रिक कर्मचाऱ्यांची पदे नागरिकांसमोर मांडावीत. व्यवस्थापकाला ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती स्वतःच्या सहीने करण्याचा अधिकार द्यावा. आराखडा अंतिम होण्यापूर्वी नेपथ्यकार, ध्वनी आणि प्रकाश यांचे काम करणारी माणसे, रंगभूषाकार आणि साफसफाई करणाऱ्या भगिनी यांना एकदा बोलावून त्यांचे ऐकावे. नेपथ्याचा टेम्पो रंगमंचाच्या मागच्या दारापर्यंत जातो की नाही आणि रंगपटात पाणी येते की नाही, हे नकाशावर त्यांनाच आधी दिसते. या बैठकीला बोलावणे आल्यास मी आणि माझे काही सहकारी विनामोबदला हजर राहू.

कळावे,

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ रंगकर्मी,
इंदिरानगर, नाशिक